वजनाखालचा निळा

मी एक जुना रंगतक्ता आहे. मित्रांनो, तुम्ही पाढ्यांचा तक्ता पाहिला असेल, बसच्या वेळांचाही पाहिला असेल. मी त्यांच्यातला नव्हे. मी दिसायला हातपंख्यासारखा आहे. जाड पुठ्ठ्याच्या अकरा पट्ट्या आणि त्यांच्या एका टोकातून आरपार गेलेला पितळी खिळा. पट्ट्या फिरवल्या की मी उघडतो, सरकवल्या की मिटतो. प्रत्येक पट्टीवर एकाच रंगाचे सात चौकोन आहेत, फिक्यापासून गडदापर्यंत. सध्या माझा मुक्काम एका पत्र्याच्या डब्यात आहे. डब्यात काळोख आहे. माझी तक्रार नाही. काळोख मला मानवतो. तो वेळेवर मिळाला असता तर मला बोलायला काही विषयच उरला नसता.

माझा जन्म एका छापखान्याच्या मागच्या खोलीत झाला. तिथे एक शाई कालवणारा होता. त्याची दहाही नखं दहा रंगांची होती, आणि स्वतःच्या लग्नात म्हणे तो हातमोजे घालून उभा राहिला होता. जुन्या टपाल तिकिटांचे रंग ओळखता यावेत म्हणून त्याला सत्त्याहत्तर छटा कालवायच्या होत्या. शेजारी काचेखाली अस्सल तिकिटं ठेवलेली असत. तो दगडी पाटीवर सुरीने शाई फिरवायचा, काचेकडे बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा फिरवायचा.

प्रत्येक छटेला नाव द्यायचं कामही मालकाने त्याच्याच गळ्यात घातलं. पहिल्या दिवशी तो उत्साहात होता. ‘पहाटेचा राखाडी’, ‘ओल्या विटेचा तांबडा’ अशी नावं पडली. तिसऱ्या दिवशी उत्साह आटला. माझ्या तपकिरी पट्टीवर ‘तपकिरी, पण जरा कमी’ असं एक नाव आहे. हिरव्या पट्टीवर ‘हिरवा, नाइलाजाने’ आहे. पिवळ्याच्या सहाव्या चौकोनाखाली ‘जेवायची वेळ’ असं छापलेलं आहे. मालकाने न वाचताच सही केली. आजही मोठमोठे जाणकार चष्मा सावरून गंभीरपणे म्हणतात, “हे तिकीट निःसंशय ‘जेवायची वेळ’ या छटेचं आहे.” कुणी हसत नाही.

एका रंगाची मात्र त्याने थट्टा केली नाही. निळ्या पट्टीच्या अगदी टोकाचा, सातवा चौकोन. जे तिकीट सगळ्यांत आधी छापलं गेलं, त्याचा तो गडद निळा. त्यासाठी त्याने चार दिवस घालवले. जमला तेव्हा तो खाली बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. नाव दिलं ‘पहिला निळा’. मग मालकाला सांगून त्याने माझ्या शेवटच्या पट्टीच्या पाठीवर दोन वाक्यं छापून घेतली. ‘वापर झाला की मिटा. उजेड रंग खातो.’

मित्रांनो, तक्ता घेणारा माणूस पहिली पट्टी वाचतो. शेवटच्या पट्टीची पाठ वाचायला लागेल इतका वेळ कुणाकडे नसतो.

मला विकत घेणारे गृहस्थ तिकिटांचे तपासनीस होते. त्यांना सगळे भिंगकाका म्हणत, कारण भिंग त्यांच्या गळ्यात दोरीने लटकलेलं असे. जेवतानाही असे. एकदा त्यांनी पोळीवरचा डाग भिंगातून तपासून तो तव्याचाच असल्याचा निर्वाळा दिला होता. दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. खिडकीला लागून टेबल, टेबलापाशी दोन खुर्च्या, भिंतीला लागून कप्प्यांचं कपाट आणि सगळीकडे डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास. लग्न त्यांनी केलं नव्हतं. मोठ्या भावाची मुलगी त्यांच्या हाताखाली काम शिकली आणि मग तिथेच राहिली. ती चाळिशीची होती, कमी बोलायची, आणि बोलायची तेव्हा समोरच्याला वाटायचं की बोलली नसती तर बरं झालं असतं.

काकांचं काम समजून घ्या. सुरुवातीच्या तिकिटांना कडेचे दाते नव्हते, ती कात्रीने कापून घ्यावी लागत. दिसायला सगळी सारखी. त्यांतलं पहिल्या छपाईचं कुठलं, नंतरच्या छपाईचं कुठलं आणि कुणा उद्योगी माणसाने घरी बसून छापलेलं कुठलं, हे सांगायचं. त्यासाठी तीन साक्षीदार असत.

पहिला साक्षीदार कागद. पहिली छपाई हातकागदावर झाली होती. तो कागद कुठे जाड, कुठे पातळ. काका डोळे मिटून तो दोन बोटांत धरत. दुसरा साक्षीदार जलचिन्ह. हातकागद बनवताना चाळणीवर तारेची एक आकृती शिवलेली असे. त्या आकृतीवर कागद जरा पातळ राहतो. काका एका लहान काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवत आणि त्यावर बेंझिनचे चार थेंब सोडत. कागद ओला झाला की पोटातून हळूहळू जहाजाचा एक नांगर वर येई. नांगर म्हणजे पहिली छपाई. चांदणी म्हणजे दुसरी. काहीच आलं नाही तर तिकीट आणणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होई. एकदा पेन्सिलीने काढलेला नांगर आला होता. तो बेंझिनमध्ये पोहत पोहत बशीच्या कडेला लागला.

तिसरा साक्षीदार मी.

कागद आणि बशी यांचा निकाल झाल्यावर तिकीट माझ्याकडे येई. काका चिमट्याने ते माझ्या चौकोनांशेजारी धरत, एकेक चौकोन पुढे सरकत, आणि कुठेतरी थांबत. थांबले की संपलं. लोक जिन्यावरून उतरताना म्हणत, “तक्त्यात बसलं म्हणजे प्रश्नच मिटला.” मला फार बरं वाटे. ती काळी बशी बिचारी रोज बेंझिन पिऊन सुस्त पडलेली असायची, आणि शेवटचा शब्द माझा. मी जरा चढलो होतो हे आता कबूल करायला हरकत नाही.

पहिली बारा वर्षं काका मला रोज मिटून कपाटात ठेवत. मग पहिल्या निळ्याची लाट आली. कुठल्याशा मासिकात त्यावर लेख आला आणि जो तो आजोबांच्या ट्रंका उपसायला लागला. दिवसाला दहा-दहा निळी तिकिटं यायची. निळी पट्टी सारखी काढायची आणि मिटायची याचा काकांना कंटाळा आला. त्यांनी ती टेबलावर खिडकीपाशी उघडीच ठेवली. पण पट्टीचं टोक वर वळायचं. म्हणून त्यांनी टोकावर तराजूचं एक लोखंडी वजन ठेवलं. एका हातात भिंग, दुसऱ्यात चिमटा, आणि वजन हा माझा तिसरा हात, असं ते म्हणत. वजन टोकाच्या चौकोनावर अर्धं बसलं होतं. अर्धा पहिला निळा वजनाखाली, अर्धा उजेडात. बाकीच्या पट्ट्या बाजूने फिरायच्या, काम झालं की मिटायच्या. निळी तशीच. पुतणी धूळ पुसायची तीही वजनाच्या भोवतीने. त्या वजनाला कुणीच हात लावत नसे. देवळात असल्यासारखं बसलं होतं.

असं ते नऊ वर्षं बसलं.

उजेडाने मला कसं खाल्लं हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. दुखलं नाही. एका दिवशी काही झालंही नाही. सकाळी जेवढा निळा होतो तेवढाच संध्याकाळी असायचो, निदान मला तसं वाटायचं आणि काकांनाही. रोज बघणाऱ्याला फिकेपणा दिसत नाही. फरक एवढाच पडला की उन्हाने विटलेली, धुवट झालेली तिकिटं मला सरस वाटायला लागली आणि चांगली गडद तिकिटं उपरी. आपल्यासारखं दिसणारंच खरं वाटतं, हा दोष फक्त माणसांत असतो असं मी समजत होतो.

एका दातांच्या डॉक्टरने तर कमालच केली. काकांना कुठला निळा पसंत पडतो हे त्याने बाहेरून काढलं आणि आपलं तिकीट तीन महिने गच्चीवर उन्हात वाळवलं. मग घेऊन आला. माझ्याशेजारी ते जुळ्या भावासारखं दिसलं. काकांनी त्याला तिथल्या तिथे दाखला दिला. तिकीट अस्सल होतंच, फक्त त्याने ते स्वतःच्या हाताने भाजलं होतं.

आणि जी तिकिटं बसली नाहीत, त्यांच्या पाठीवर काका एक छोटा रबरी शिक्का मारत. जांभळ्या शाईत एकच शब्द असे. ‘खोटे’. ही शाई कागदात मुरते, पुसता येत नाही. खोटं तिकीट पुन्हा कुणाच्या माथी मारलं जाऊ नये म्हणून त्यांनी ही पद्धत पाडली होती. हेतू चांगला होता.

आता मास्तरांबद्दल सांगतो.

समोरची दुसरी खुर्ची मास्तरांची होती. ते भूगोल शिकवत. काका आणि ते शाळेत एका बाकावर बसले होते आणि तेव्हापासून त्यांचं भांडण चालू होतं, मध्ये फक्त जेवणापुरतं थांबायचं. दर शनिवारी चार वाजता जिन्यावर चपला वाजत, मास्तर आत येत, आणि बसायच्या आधीच विचारत, “काय भिंग्या, आज कुणाचे आजोबा बुडवलेस?” काका मान वर न करता म्हणत, “तुझे राहिलेत.” पुतणी चहा ठेवायची. दोघंही म्हातारपणाकडे झुकलेले, पण एकमेकांच्या तोंडून त्यांची शाळेतली नावं अजून सुटली नव्हती.

मास्तरांकडे एक तिकीट होतं. तीस वर्षं त्याचा नुसता उल्लेख व्हायचा. त्यांचे पणजोबा कुलपं दुरुस्त करत. पहिली तिकिटं विक्रीला आली त्याच आठवड्यात पणजोबांनी रांगेत उभं राहून एक घेतलं. घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पत्र लिहावं असं आपलं कुणीच नाही. सगळे नातेवाईक त्याच गल्लीत राहात होते आणि त्यांच्यापैकी बहुतेकांशी बोलणं बंद होतं. म्हणून ते तिकीट न वापरता राहिलं. पाठीवरचा डिंकसुद्धा शाबूत. पणजोबांनी आजोबांना दिलं, आजोबांनी वडिलांना, वडिलांनी मास्तरांना. प्रत्येक पिढीने ही हकिकत जशीच्या तशी पुढे दिली. घराण्यात दुसरं सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं.

वजन बसून सहा वर्षं झाली तेव्हा मास्तर निवृत्त झाले, आणि त्या शनिवारी ते तिकीट घेऊन आले. वहीच्या कागदाच्या घडीत, ती घडी लिफाफ्यात, लिफाफा डब्यात. म्हणाले, आता माझ्यानंतर ते मुलाकडे जाईल, त्याच्यासोबत तुझ्या हातचा दाखला असावा. एवढंच. मागणं तीस वर्षांत पहिलंच होतं.

काकांनी हात धुतले. कागद दोन बोटांत धरला, डोळे मिटले आणि मान डोलावली. मग तिकीट काळ्या बशीत पालथं ठेवलं आणि बेंझिनचे थेंब टाकून त्यावर वाकले. ते वाकलेले असताना मास्तरांना चहाचा कप ठेवायला जागा सापडेना. त्यांनी माझ्यावरचं वजन उचलून बाजूला ठेवलं, त्या जागी कप ठेवायला गेले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, वजन पुन्हा होतं तिथे ठेवलं आणि कप मांडीवर घेतला. नऊ वर्षांत माझ्या त्या भागाला तेवढी एकदा हवा लागली. कळलं असतं आणि ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. पण मला तोंड नाही, चौकोन आहेत.

बशीत नांगर वर आला. अगदी स्वच्छ, दोन्ही आकड्यांसकट.

तिकीट वाळल्यावर काकांनी ते माझ्याशेजारी धरलं. पहिल्या चौकोनापासून निघाले. दुसरा, तिसरा, पाचवा, सातवा. तिकीट सातव्याच्याही पुढे होतं. गडद, शांत, खोल निळं. मला ते मुळीच ओळखीचं वाटलं नाही. मित्रांनो, तो माझाच रंग होता आणि मी त्याच्याकडे परक्यासारखा बघत होतो.

काकांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, “कागद बरोबर आहे. जलचिन्ह बरोबर आहे.”

“मग?” मास्तर म्हणाले.

“रंग बसत नाही.”

“म्हणजे दोन साक्षीदार माझ्या बाजूचे, एक तुझ्या.”

“शेवटचं मत रंगाचं असतं.”

मग काकांनी एक उपपत्ती मांडली. कुणीतरी त्या काळचा कोरा हातकागद मिळवला असणार, नांगरवाला, आणि त्यावर नंतरच्या शाईने छापलं असणार. मास्तरांनी शांतपणे विचारलं, म्हणजे माझ्या कुलूपवाल्या पणजोबांनी सरकारी कागद पळवला, छापखाना टाकला, एकच तिकीट छापलं आणि ते न विकता मुलाला दिलं? काका म्हणाले, उद्देश सांगणं माझं काम नाही. पुतणी दारात उभी होती. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचा तिला पुढे फार पश्चात्ताप झाला.

“भिंग्या, आमच्या घरात चार पिढ्या खोटं बोलल्या म्हणतोस?”

“मी तुझ्या पणजोबांना ओळखत नाही. मी तिकिटं ओळखतो.”

“आणि मला?”

काका शिक्क्याची डबी शोधत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला आजही माहीत नाही. मित्राचं आहे म्हणून शिक्का चुकवला असता तर उद्या लोक काय म्हणाले असते, हे मात्र त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी तिकीट पालथं केलं आणि मारला. नियम सगळ्यांना सारखा.

मास्तरांनी तिकीट घडीत ठेवलं, घडी लिफाफ्यात, लिफाफा डब्यात. चहा तसाच ठेवून गेले. उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज नेहमीसारखाच झाला. तेच जास्त वाईट होतं.

पुढच्या शनिवारी चारला काकांनी घड्याळाकडे पाहिलं. त्याच्या पुढच्या शनिवारी पाहिलं नाही.

दरम्यान, नवव्या दिवशी एक पत्र आलं. पाकिटावर मास्तरांचं अक्षर होतं, फळ्यावर लिहिल्यासारखं मोठं आणि गोल, मागच्या बाकावरून वाचता येईल असं. काकांनी दुरूनच ते अक्षर पाहिलं, त्यांचा चेहरा आंबला, आणि त्यांनी पाकीट पालथं करून कपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात टाकलं. शिव्या दिल्या असतील, दोन दिवसांनी बघू, असं ते पुतणीला म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर पाकिटावरचं नाव न वाचता आधी तिकीट पाहिलं, त्याने त्या दिवशी फक्त अक्षर पाहिलं.

ते दोन दिवस तीन वर्षं चालले.

त्या तीन वर्षांत काकांनी माझ्या भरवशावर आणखी कितीतरी तिकिटांवर शिक्का मारला. एक शिंपीणबाई होत्या, त्यांनी निकाल ऐकल्यावर तिकीट तिथेच चार तुकडे करून टोपलीत टाकलं आणि म्हणाल्या, वडील एरवीही थापाच मारायचे. मी वर बसून ऐकत होतो. माझी खात्री पक्की होती. मित्रांनो, खात्रीला रंग नसतो, म्हणून ती विटलेली कळत नाही.

मग खोलीला रंग द्यायचा ठरला. कपाट हलवायचं म्हणून पुतणीने कप्पे रिकामे करायला घेतले. खालच्या कप्प्यात तिला ते पाकीट मिळालं. तिने ते सुलटं केलं, आणि काम शिकलेल्या माणसाची नजर जिथे जायची तिथेच गेली.

“काका, हे पाकीट तुम्ही उघडलं नाहीत?”

“कुणाचं आहे?”

“मास्तरांचं. याच्यावर पहिलं निळं लावलंय.”

काका उठले. त्यांनी भिंग लावलं. तेच तिकीट. त्यावर टपालघराचा काळा शिक्का धपकन बसला होता. टपालघरातल्या कारकुनाने शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या तिकिटावर डोळे झाकून शिक्का मारला होता, जसा तो रोज हजारांवर मारतो. सगळ्या कहाणीत त्या तिकिटाला काहीही न विचारता खरं मानणारा तो एकटाच. आणि मला एक गोष्ट राहून राहून आठवते. तिकीट चिकटवताना मास्तरांनी त्या पाठीवर जीभ फिरवली असणार, म्हणजे काकांच्या शिक्क्यावरूनच. त्यांची जीभ जांभळी झाली असणार.

काका भिंगातून तिकिटाकडेच बघत होते म्हणून पुतणीने पाकीट उघडलं आणि मोठ्याने वाचलं. मजकूर थोडकाच होता.

“भिंग्या, पणजोबांना पत्र लिहावं असं कुणी नव्हतं म्हणून हे राहिलं. मला तू आहेस म्हणून लावलं. तिकीट खोटं असेल तर पत्र पोचणार नाही आणि तुझं म्हणणं खरं ठरेल. पोचलं तर तक्त्यावरचं वजन उचलून बघ. त्या दिवशी मी ते कप ठेवायला उचललं होतं. खाली काहीतरी वेगळं दिसलं, पण घरी येऊन चप्पल काढेपर्यंत डोक्यात प्रकाश पडला नाही. मला दाखला नको. तिकीट तर आता संपलंच. पण आणखी कुणाच्या आजोबांना बुडवू नकोस. या शनिवारी मी यायचा नाही. तू ये. चारला चहा ठेवतो.”

रंगारी दारात डबा घेऊन उभा होता, त्याला पुतणीने हातानेच थांबवलं. काका टेबलापाशी गेले आणि त्यांनी वजन उचललं.

वजनाखाली अर्धा चंद्र होता. गडद, शांत, खोल निळा. त्याच्याशेजारी, त्याच चौकोनाचा उरलेला भाग, धुतलेल्या फडक्यासारखा. दोन्हींच्या मध्ये वजनाच्या कडेची स्वच्छ गोल रेघ. मी तेव्हा पहिल्यांदा स्वतःला पाहिलं.

काकांनी पाकीट त्या अर्ध्या चंद्राशेजारी धरलं. तिकीट आणि चंद्र यांच्यात रेघसुद्धा दिसली नाही. मग त्यांनी मला उचललं, मिटलं, पालथं केलं आणि शेवटच्या पट्टीची पाठ वाचली. एकवीस वर्षांनी.

त्यांनी विचारलं, “आज वार कुठला?”

“शुक्रवार,” पुतणी म्हणाली.

शनिवारी चारला दहा कमी असताना काका निघाले. मला त्यांनी कोटाच्या खिशात घातलं होतं, पुरावा म्हणून किंवा आरोपी म्हणून. खिशात त्यांचं भिंग माझ्यावर आपटत होतं. मास्तरांचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. तीन गल्ल्या पार करायला त्यांना तीन वर्षं लागली, असा विनोद मास्तरांनी नक्की केला असता. वाटेत काका तो विनोद आधीच ऐकून घेतल्यासारखे मान हलवत होते.

दार सुनेने उघडलं. तिने काकांना ओळखलं, गळ्यातल्या दोरीवरून. आत या म्हणाली. आतल्या खोलीत खिडकीशी दोन खुर्च्या होत्या आणि भिंतीवर पृथ्वीचा नकाशा. एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती.

काका म्हणाले, “मास्तर?”

“बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं,” सून म्हणाली. “तुम्हाला कळवायचं होतं. तेच म्हणाले होते कळवू नका. तो येईल तेव्हा त्याला कळेल, म्हणाले.”

मग तिने सांगितलं की बाबा शेवटपर्यंत दर शनिवारी चारला दोन कप ठेवायला लावायचे. पाच वाजता दुसरा कप स्वतः प्यायचे, गार झालेला. ती एकदा चिडून म्हणाली, येणारा माणूस आला असता एव्हाना. तर ते म्हणाले, “तो यायचा राहिला नाहीये, पत्र पोचलं नसेल. तिकिटात खोट होती म्हणे.”

हे सांगताना ती थोडी हसली, कारण तिला ती बाबांची नेहमीची थट्टा वाटली होती. काकांनी खिशातून मला काढलं, उघडलं, आणि तिला तो अर्धा चंद्र दाखवला. तिला काही कळलं नाही. छान रंग आहे, ती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली. काकांनी भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची फिरवली, समोरच्या खुर्चीत बसले, आणि मला उघडंच मांडीवर धरून राहिले. पाच वाजेपर्यंत आम्ही तिथे होतो. तिने दोन कप आणले होते, एक काकांचा, एक स्वतःचा. पण तिला कुणीतरी हाक मारली आणि तिचा कप तसाच राहिला. काकांनी तो गार झाल्यावर प्यायला.

त्यानंतर काकांनी तपासणी बंद केली. त्यांनी जुनी वही काढली आणि माझ्यामुळे ज्यांचं तिकीट खोटं ठरलं होतं अशा प्रत्येकाला पत्र लिहिलं. एकवीस पत्रं टपालात पडली. काही घरांतून उत्तरं आली, काही परत आली. शिंपीणबाईंनी लिहिलं, तुकडे टोपलीतून कधीच गेले, पण वडिलांचा फोटो परत भिंतीवर लावला आहे. दातांच्या डॉक्टरला काकांनी मुद्दाम कळवलं की त्याने आपलं चांगलं तिकीट फुकट उन्हात भाजलं. त्याने उत्तर पाठवलं नाही. पुढे काकांची दाढ दुखली तेव्हा ते लांबच्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेले.

बाविसावं पत्र त्यांनी सगळ्यांत शेवटी लिहिलं. ते माझ्याच डब्यात आहे. पाकीट बंद आहे, नाव घातलेलं आहे, तिकीट लावलेलं नाही.

मास्तरांचं पाकीटही इथेच आहे. पुतणीने एकदा सुचवलं की तिकीट पाण्यावर सोडवून घेऊ, पाठीवरच्या शिक्क्याखाली तुमच्या सहीने दुरुस्ती लिहू. काका म्हणाले, नको, पोचलेल्या पत्रावरून तिकीट काढत नाहीत. त्यामुळे कागदोपत्री ते अजून खोटंच आहे. ‘खोटे’ हा शब्द पाकिटाला घट्ट चिकटून आत तोंड करून बसला आहे आणि बाहेरून फक्त निळं दिसतं.

काका गेल्याला आता चार वर्षं झाली. पुतणी नवा तक्ता वापरते. तो मऊ कापडाच्या पिशवीत राहतो आणि पिशवीवर तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘मिटा’. तो वर्षातून एकदा माझ्या अर्ध्या चंद्राशी ताडून पाहिला जातो. तेवढ्यापुरता डबा उघडतो. नवा तक्ता माझ्याकडे जरा आदराने आणि जरा कीव केल्यासारखा बघतो. त्यालाही सत्त्याहत्तर चौकोन आहेत, त्यालाही शेवटचा शब्द आपला वाटत असणार.

मित्रांनो, माझं काम लोकांच्या वस्तूंना खरं-खोटं म्हणायचं होतं आणि मलाच कुणी तपासलं नाही. माझं एवढंच मागणं आहे. ज्याच्यावर विसंबून दुसऱ्याला खोटं ठरवाल, त्याच्यावरचं वजन अधूनमधून उचलून बघा. तक्ते, पट्ट्या, रंग, जे उजेडात झिजतं ते काम झालं की मिटून ठेवा. आणि पत्र आलं तर ते त्याच दिवशी उघडा. त्या खोलीत नऊ वर्षं जे मिटायचं ते उघडं राहिलं आणि तीन वर्षं जे उघडायचं ते मिटलेलं राहिलं. बाकी सगळं जागच्या जागी होतं.